दहापैकी साडेनऊ

१ फेब्रुवारी, सकाळ
रिटायर झाल्यापासून रोजनिशी लिहायचं मनात होतं. आज मुहूर्त लागला. संकल्प एकच. माझी इंग्रजीची पद्धत जगापुढे आणणे.

काय अवघड आहे त्यात? तुलना करताना ऑफ, ॲट, फ्रॉम आलं की मागून येणाऱ्या क्रियापदाला आयएनजीची शेपटी. 'बेटर ॲट कुकिंग दॅन ॲट सिंगिंग.' झालं! शाळेत जन्मभर घसा कोरडा केला, एकाही कार्ट्याच्या टाळक्यात शिरलं नाही. दोष पुस्तकांचा. पुस्तकातली वाक्यं खोटी असतात. माझ्या पद्धतीत विद्यार्थ्याने स्वतःबद्दल बोलायचं, तेही खरंखुरं.

कोचिंग क्लासचा मालक (मी त्याला टाय म्हणतो, झोपतानाही सोडत नसावा) म्हणाला, महिनाअखेरीस डेमो द्या, मग बॅच देतो. येताना एक विद्यार्थी आणा. आता विद्यार्थी कुठून पैदा करू? बायको आहे. इंग्रजी बेताचं, पण हाताशी आहे.

४ फेब्रुवारी
बायको आढेवेढे घेतेय. म्हणते, आधी डॉक्टरकडे जाऊ, हल्ली जिना चढताना दम लागतो. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट कायमची आजारी. दम कुणाला लागत नाही? अभ्यास टाळायचा, दुसरं काय. नाचता येईना अंगण वाकडं. डेमो होऊ दे, मग जाऊ म्हटलं.

५ फेब्रुवारी
पहिलं वाक्य! जेवताना आलं. 'आय ॲम मोअर टायर्ड फ्रॉम क्लाइंब दॅन फ्रॉम कुक.' दोन्हीकडे शेपटी गायब. दहापैकी दोन. बिनशेपटीचं माकड बघितलंयस का, असं विचारलं. हसली नाही. विनोदबुद्धी पहिल्यापासूनच कमी.

९ फेब्रुवारी
'आय ॲम मोअर टायर्ड फ्रॉम क्लाइंबिंग दॅन फ्रॉम कुकिंग.' शाब्बास! सात दिले. तीन कापले, कारण मध्येच थांबून श्वास घेतला. वाक्य एका दमात यायला हवं, टाय बघणार आहे.

१२ फेब्रुवारी
पेपर वाचत होतो. बायको पायाबियाबद्दल काहीतरी सांगत होती. हं हं केलं. मग एकदम म्हणाली, 'आय ॲम बेटर ॲट वॉकिंग बेअरफूट दॅन ॲट वॉकिंग इन चप्पल.' पेपर खाली ठेवला! चप्पल हा शब्द इंग्रजीत चालत नाही, तेवढा एक मार्क गेला.

असलं वाक्य सुचलं कसं, विचारलं. म्हणाली, पाय सुजलेत, चप्पल चढत नाही. मराठीत सांगितलं तर तुम्ही पेपरातून डोकं काढत नाही. इंग्रजीत बोलले की निदान चूक शोधायला तरी बघता.

किती खरं! इंग्रजी बोललं की जग ऐकतं. हे डेमोच्या सुरुवातीलाच सांगायचं. आणि तिला एक नंबर मोठी चप्पल आणायची. डेमो झाला की.

१७ फेब्रुवारी
मेहुणी आली होती. ही बायकोची धाकटी बहीण. मला भाऊजी म्हणायचं सोडून मास्तर म्हणते, आणि त्यात कौतुक नसतं. म्हणाली, मास्तर, ताईचं तोंड केवढं उतरलंय बघा तरी. मी म्हटलं, अभ्यासानं उतरतं. उद्या मी तिला डॉक्टरकडे नेते, म्हणाली. मी म्हटलं, नवरा अजून जिवंत आहे, आमचं आम्ही बघू. अर्धा चहा तसाच टाकून गेली. बायको दारापर्यंत पोचवायला उठली आणि परत बसली. बहिणीशी धड निरोपाचंही बोलली नाही, इतकी अभ्यासात बुडालीय. मला बरं वाटलं.

२० फेब्रुवारी, पहाट
जाग आली तर बायको खुर्चीत ताठ बसलेली. म्हटलं, पाठांतर चाललंय वाटतं! माझ्याकडे बघून म्हणाली, 'आय ॲम मोअर अफ्रेड ऑफ लाइंग डाउन दॅन ऑफ डाइंग.'

अंगावर काटा आला. अफ्रेडनंतर ऑफ, तेही दोनदा! दोन्हीकडे आयएनजी! ही दोन क्रियापदं भल्याभल्यांना चकवतात. दहापैकी साडेनऊ दिले. अर्धा राखून ठेवला, डोक्यात हवा जायला नको.

रडायला लागली. मार्क मिळून रडणारी बाई मी पहिल्यांदाच बघितली. पुन्हा झोपलो.

२५ फेब्रुवारी
टायचा क्लास चौथ्या मजल्यावर निघाला. लिफ्ट नाही. आधी सांगायला नको? बायकोला बोललो नाही, उगाच टेन्शन घेईल. पक्कं ठरवलं, डेमोच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टर. अगदी पक्कं.

२८ फेब्रुवारी
डेमो झाला नाही.

क्लासच्या जिन्यात, तिसऱ्या मजल्यावर बायको पायरीवर बसली. मी म्हटलं, अगं ऊठ, टाय वरून बघतोय. तिचे ओठ निळसर झाले होते. मराठीत म्हणाली, अहो, मला धरा. मी म्हटलं, एकच जिना राहिलाय. टाय धावत खाली आला, त्यानेच तिला धरलं, त्यानेच ॲम्ब्युलन्स बोलावली. दोष जिन्याचा. असे उंच जिने बांधतातच कसे?

१ मार्च, हॉस्पिटल
डॉक्टरीणबाई तरुण आहेत. त्रास कधीपासून, विचारलं. मी म्हटलं, काल अचानक.

बायकोने तोंडावरचा मास्क बाजूला केला. माझ्याकडे बघत एकेक सांगायला लागली, इंग्रजीत. क्लाइंबिंग, वॉकिंग, लाइंग डाउन. एकही चूक नाही. बाई म्हणाल्या, किती व्यवस्थित सांगताय, कुणी शिकवलं? तिने माझ्याकडे बोट केलं. खोटं कशाला लिहू, छाती फुगली माझी.

मग बाई माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, म्हणजे या महिनाभर तुम्हाला हेच सांगत होत्या? मग तुम्ही काय केलंत?

खरं तेच सांगितलं. मार्क दिले म्हटलं.

पुढचं सगळं त्यांनी धावत आलेल्या मेहुणीला सांगितलं. हृदय फार कमजोर झालंय, महिन्यापूर्वी आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती. मी शेजारीच उभा होतो.

९ मार्च
बायकोला आज सोडलं. मेहुणी तिला स्वतःच्या घरी घेऊन गेली, तिचं घर तळमजल्यावर आहे. ती गाडीत बसल्यावर मी विचारलं, परत कधी येशील? काहीतरी म्हणाली, मराठीत, अगदी हळू. मला ऐकू आलं नाही. पुन्हा सांग म्हटलं. तिने मान फिरवली. मेहुणी म्हणाली, राहू द्या मास्तर, तिला परत परत सांगायला दम नाही आता.

घरी आलो. दाराशी तिची चप्पल तशीच होती.

दुपारी टायचा फोन आला. वहिनींची चौकशी केली, मग म्हणाला, डेमोचं बघू या का पुन्हा, घरात दुसरा कुणी विद्यार्थी आहे का?

म्हटलं, घरात कुणीच नाही.