पानांचा पोशाख

मयुरी मॅडम,
तुमाले जय सेवा.

तुमी मले वावरात पायलं आन् पिक्चरात घेतलं. त्यात मी शेतकरीच होतो, आपल्या गोंडीतच बोललो. तुमच्या शब्दावर काल दुसऱ्या पिक्चरवाल्यानं मले नागपूरले बोलावलं.

त्यानं मले पानाइचा पोशाख देल्ला, तोंडाले काळं लावलं. म्हणे, "बोलू नकोस, नुसता ओरड. आदिवासी आहेस ना?"

मी म्हटलं, "साहेब, आमच्यात असं कोणी राहत नाही. माझी पोरगी नर्स हाय."

"अरे, लोकांना हेच पाहिजे."

मी तोंड धुतलं, सदरा घातला आन् उमरेडची बस धरली. बसमधी जीव घाबरून राहिला होता. तुमचं नाव खराब केलं, आता कोणी बोलावणार नाही. आन् माझ्या बायकोले, सुगंधाले, काय सांगू? तिनं तर मी पिक्चरात चाललो म्हून साऱ्या गावाले सांगून ठेवलं होतं.

"काहून लवकर आले जी?" तिनं इचारलं.

मी सारं सांगतलं. ती पदरात तोंड घालून खाली बसली. मले वाटलं, रडून राहिली. पण ती हासत होती. "बरं झालं जी! पोरगी सकाळपासून फोन करून राहिली, बाबाले पाला नेसवून नाचवतील म्हून."

मंग पोरीले फोन लावला, आन् तिघंही पोट धरून हासलो.

मॅडम, लिहिता लिहिता तुमी रागवाल हे भेवही गेलं. म्हून चिठ्ठी टाकत नाही, तुमालेच फोन करतो. उद्या धानाची रोवणी हाय. पिक्चरसाठी नाही, जेवाले या.

तुमचा,
सोमाजी मडावी