दारात म्हणायचा शब्द

बाबा,

तुम्हाले आणि आईले इथूनच पाया पडतो. माझ्यासोबत काम करणारा केशव सुट्टीवर आपल्या हुडकेश्वरले येऊन राहिला, म्हणून हे पत्र त्याच्या हाती देतो. फोनवर बोलणं जमलं नसतं.

मी इथं इटलीत बरा आहो. वृद्धाश्रमातली ड्युटी झाली की इटालियनच्या क्लासले जातो. सध्या वर्तमानकाळ चालू आहे. मी जातो, तू जातोस, तो जातो, असं पाढ्यासारखं म्हणावं लागते. 'वादो' म्हणजे जातो, 'वेंगो' म्हणजे येतो. वर्गात मी दोन्ही बरोबर म्हणतो.

पण ड्युटीवरून निघताना तोंडातून 'वेंगो'च निघते. आपल्याकडे दारातून जातो म्हणत नाहीत ना. इथल्या इल्दे आजीनं ते खरं धरलं. मी परत येईन म्हणून दारापाशी खुर्ची लावून बसली आणि जेवलीच नाही. इनचार्ज सिस्टर रागावली, 'वादो' म्हणत जा म्हणाली. आजारी माणसासमोर ते मले म्हणवलं नाही. आता मी 'वेंगो दोमानी' म्हणतो, उद्या येतो. आजी जेवते.

आईचं बीपी कसं आहे? तिले सांगा, मी वेळेवर जेवतो.

बाबा, तुमच्या ऑपरेशनच्या दिवशी मी तिथं नसणार. तुम्हाले आत नेतील तेव्हा तुम्ही नेहमीसारखे गप्प राहाल. तसं करू नका. आईकडे पाहून 'येतो' म्हणा. ती बाहेर बसून राहील, तिले तेवढं लागते.

येतो.

तुमचा ऋषी