नागोजीच्या फोटोसमोरची रांग

अळणावर,
९ डिसेंबर २०२४

प्रिय अभिषेक,

इतक्या वर्षांनी माझं पत्र बघून तुला आश्चर्य वाटेल. मी मालतीअक्का. हुबळीला दुर्गदबैलात पिसेंचं कापडदुकान होतं, तिथली. नागोजीची थोरली बहीण.

तुझ्या आईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं म्हणे. आता हिंडतात-फिरतात ना? त्यांना नमस्कार सांग. आमचं इकडे बरं चाललंय. आमचे हे गेल्यापासून लाकडाची वखार मीच बघते. जंगल खात्याचे नियम वाढलेत, माल कमी येतो, पण पोटापुरतं होतं. माझी मुलगी दीपश्री धारवाडला सप्तापुरात खोली घेऊन राहते, विद्यापीठात पीएच.डी. करते. तू तिला रांगताना पाहिलंयस.

तुझं नवं पूल-बिलियर्ड्सचं केंद्र पाहिलं. दचकू नकोस. स्पर्धेच्या दिवशी मी तिथंच होते, मागच्या खुर्च्यांवर. छान केलंयस. गार हवा, सपाट टेबलं, प्रत्येक टेबलावर वेगळा दिवा. आमच्या वेळी काय होतं, तुला ठाऊक आहेच. स्टेशन रोडला हॉटेलाच्या माडीवर दोन टेबलं, त्यातल्या एकाचं कापड फाटलेलं. नागोजीनं दुकानातला तुकडा नेऊन त्याला ठिगळ लावलं होतं. बाबा चिडले होते, "गिऱ्हाइकाला कापून द्यायचं कापड तू जुगाराच्या टेबलाला शिवतोस?" म्हणून. जुगार नव्हता तो, पण बाबांना कोण सांगणार.

एकदा त्याला जेवायला बोलवायला मी त्या माडीवर चढले होते. बायका जात नसत तिथं. दारातच उभी राहिले. बेळगावचा कोणी नावाजलेला खेळाडू आला होता आणि नागोजी टेबलावर ओणवा झाला होता. एकामागून एक बॉल पॉकेटात जात होते आणि आवाज म्हणावा तर नव्हताच. मारायचा असा तो नव्हेच, पांढऱ्या बॉलला नुसतं समजावल्यासारखं करायचा, आणि तो बॉल फिरून पुढच्या जागी येऊन थांबायचा. मी जेवणाचं विसरले. तू भिंतीला टेकून उभा होतास. "अक्का, याच्यासारखा कर्नाटकात दुसरा नाही," म्हणालास. तेव्हा ते तू मनापासून म्हणाला होतास, हे मी आजही मानते.

दुसरा नाही असं मात्र नव्हतं. बाळाचार्य होते. त्या दिवशीच्या तुझ्या भाषणात त्यांचं नाव कसं नाही रे आलं? शेंडी, गंध, धोतर, आणि बाहेरचं पाणी चालत नाही म्हणून सोबत घरचा तांब्या. धारवाडहून बसनं यायचे. खेळताना ओठ हलायचे, पोरांना वाटायचं मंत्र म्हणतात. नागोजीनं एकदा विचारलं, तर म्हणाले, "मंत्र कुठला बाबा, चुकलो तर स्वतःला शिव्या देतो, त्या आधीच देऊन ठेवतो." नागोजी कोणाला भीत असेल तर त्यांना. सप्तापुरातल्या भाड्याच्या खोलीत एकटेच गेले. त्यांचा कोणाकडे साधा फोटोही नाही. तुझ्या भिंतीवर आता एवढे फोटो आहेत, त्यात तुझेच जास्त.

नागोजीचा तो फोटो कुठून काढलास? मी जवळ जाऊन पाहिला. मूळ फोटोत शेजारी तू होतास. तुला कापून टाकलंय, पण त्याच्या खांद्यावर तुझी बोटं तेवढी राहिलीत.

विषयावर येते. येणं टाळत होते.

स्पर्धेच्या थोडं आधी दीपश्रीचा फोन आला. तिनं विद्यापीठाजवळ पोस्टर पाहिलं होतं. रडत होती, हसत होती, काय सांगतेय ते मला कळेना. "आई, पोस्टरवर मामाचा फोटो आहे. हार घातलाय त्याला. कै. नागोजी पिसे स्मृती चषक असं लिहिलंय!" मी खिडकीतून बाहेर पाहिलं. तिचा मामा अंगणात उन्हाला बसून डाव्या हातानं पावट्याच्या शेंगा सोलत होता.

तो जिवंत आहे, अभिषेक. बाबा गेल्यावर दुकान विकलं, तेव्हापासून माझ्याकडेच असतो. वखारीत मला मदत करतो, गाईचं बघतो. लग्न केलं नाही.

गैरसमज कसा झाला असेल, तेही माझ्या ध्यानात येतं. आमचे बाबा, नारायण पिसे, गेले तेव्हा बाजारात "पिसे गेले" असं झालं असेल. तुझ्या कानावर तेवढंच आलं असेल. होतं असं. पण मग माझ्या मनात दुसरंच आलं. म्हणजे नागोजी गेला असं तू इतकी वर्षं धरून चाललास. तरी मला भेटायला आला नाहीस? माझ्या हातची भाकरी खाऊन वाढलेला तू. चार ओळींचं पत्र नाही, फोन नाही. तो मेला असं वाटणं चूक असेल. तसं वाटून न येणं, ही काही चूक नव्हे.

मी तेव्हाच तुला फोन लावणार होते. नागोजीनं लावू दिला नाही. पोस्टरचं ऐकून तो आधी खूप हसला. "अक्का, जाऊन बघू या की. स्वतःचं असलं कार्य बघायला किती जणांना मिळतं?" इस्त्रीचा शर्ट घातला, दाढी केली. गाडीत खिडकीशी बसून उसाचे मळे बघत होता. मला वाटतं, तू त्याला बघून धावत येशील, मिठी मारशील, सगळ्यांची गंमत होईल, असं काही त्याच्या मनात होतं. बोलला नाही. पण मी त्याला लहानपणापासून ओळखते.

दारात बिल्ला लावलेली एक मुलगी होती. तिनं विचारलं, "खेळाडूंचे पालक का?" नागोजी "हो" म्हणाला. आम्ही मागं बसलो, आणि तू भाषणाला उभा राहिलास.

चांगलं बोलतोस तू. तो कसा खेळायचा ते सांगितलंस तेव्हा त्याची मान खाली गेली, लाजल्यासारखी. मग तू आवाज खाली आणलास आणि म्हणालास, "पण एवढ्या मोठ्या खेळाडूचा दारूनं घात केला. मुलांनो, हे लक्षात ठेवा."

मी उठलेच होते. नागोजीनं डाव्या हातानं माझा पदर धरला. "बस, अक्का. होगली बिडु." जाऊ दे म्हणाला.

पंचवीस वर्षं त्याच्यासाठी जाऊ दिलं. आज लिहिते. राज्याच्या संघात निवड त्याची झाली होती. तू राखीव होतास. ती निवड साजरी करायला तू त्याला तारिहाळच्या पुढं ढाब्यावर नेलंस. प्यायलास तू. त्यानं आयुष्यात कधी थेंब घेतलेला नाही. "मी चालवतो" म्हणत होता, पण मोटारसायकल तुझी, आणि हट्ट तुझा. रस्त्याकडेला उभा असलेला ट्रक तुला दिसला नाही. तुला खरचटलं. त्याचं उजवं मनगट गाडीखाली चिरडलं. पोलिसांना त्यानं सांगितलं, गाडी मीच चालवत होतो. दवाखान्यात मला शपथ घातली. "अक्का, माझा हात तर गेलाच. आता अभ्याचं नाव कशाला? निदान तो तरी जाऊन खेळू दे." तू त्याच्या पायांवर डोकं ठेवून रडला होतास, मी तिथंच होते. मग त्याच्या जागी तू बेंगळूरला गेलास, खेळलास, पुढं गेलास. परत आल्यावर आमच्या घराकडे फिरकला नाहीस. तो रोज संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर बसायचा. विचारलं तर म्हणायचा, वारा खातोय.

हे सगळं गिळून आम्ही तिथं बसून राहिलो. तुझ्या दारूचं पाप त्याच्या नावावर टाकून तू पोरांना उपदेश केलास, त्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेही ऐकलं.

मग तू सगळ्यांना फोटोला फुलं वाहायला बोलावलंस. रांग लागली. आणि नागोजी उठून त्या रांगेत जाऊन उभा राहिला. मी मागं मागं गेले. फोटोच्या शेजारी तू उभा होतास, येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडत. नागोजीनं ताटातलं शेवंतीचं फूल घेतलं, स्वतःच्या फोटोपुढं ठेवलं आणि तुझ्याकडे वळला.

तू हात जोडलेस. मग तुझी नजर त्याच्या मनगटावर गेली. तू वर पाहिलंस. जोडलेले हात सुटले. ओठ हलले, त्याच्या नावातलं पहिलं अक्षर ओठांवर आलेलं मी पाहिलं. तुझ्या पलीकडे पाहुणे उभे होते, फोटो काढणारा उभा होता. तू त्यांच्याकडे एकदा पाहिलंस. मग पुन्हा हात जोडलेस आणि म्हणालास, "बर्री, मुंदे होग्री." या, पुढं चला. त्याच्याशी जन्मात कधी कन्नडमधून बोलला नव्हतास तू.

म्हणून हे पत्र तो जिवंत आहे हे कळवायला लिहिलेलं नाही. ते तुला त्या क्षणापासून ठाऊक आहे. वाट पाहिली मी. वाटलं, रात्र गेली की लाज वाटेल, फोन येईल. गाडी काढली तर हुबळीहून अळणावर किती लांब आहे?

परतीच्या गाडीत तो पुन्हा खिडकीशी बसला. मग म्हणाला, "अभ्या जाड झालाय, नाही?"

"हं."

"ओळखलं नाही गं त्यानं मला. कसं ओळखणार? केस सगळे गेलेत माझे."

मी हो म्हटलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही.

घरी आल्यापासून तो जेवतो, काम करतो, सगळं करतो. फक्त एक. दीपश्री आली की तिच्या फोनवर कुठल्या कुठल्या देशांतले पूलचे सामने बघायचा, तेवढंच त्याचं उरलं होतं. डोळे बारीक करून म्हणायचा, "हा आता चुकणार, बघ." आणि चुकायचा तो. परवा तिनं सामना लावून फोन पुढं धरला, तर "बंद कर गं ते" म्हणून उठून गोठ्यात गेला. हात गेला तेव्हाही खेळ सुटला नव्हता त्याचा. तो तू त्या दिवशी काढून घेतलास.

चषकाचं नाव बदल असं मी म्हणणार नाही. माफी माग असंही नाही, ती घेऊन मी कुठं ठेवू? पुढच्या वर्षी बोलशील तेव्हा दारूचं सांगू नकोस, एवढंच. मेला म्हण हवं तर. तापानं म्हण, ट्रकखाली म्हण. त्याच्या तोंडाला कधी न लागलेली वस्तू त्याच्या नावाला लावू नकोस. लावलीस, तर त्या वर्षी मी मागच्या खुर्चीवर बसणार नाही, आणि माझा पदर धरायला तो सोबत नसेल.

हे लिहिल्याचं नागोजीला माहीत नाही. तू उत्तर पाठवू नकोस. आमचा पोस्टमन पत्रं त्याच्याच हातात देतो, आणि तुझं अक्षर तो लगेच ओळखेल.

मालती