चुकलेले तीन ठोके

सोमवार, ३
नव्या नोकरीचा पहिला दिवस. रुग्णालयाच्या तळघरात स्वतंत्र खोली, न करकरणारी खुर्ची, आणि यंत्रांसाठी राखलेला गारठा असा की बायकोने बळेच दिलेल्या स्वेटरचा प्रथमच राग आला नाही. काम आवडीचं. मुख्य सर्व्हर बंद पडला तर पर्यायी सर्व्हरने त्याची जागा घ्यायची. मुख्य सतत ‘मी आहे’ असा ठोका पाठवत राहतो. तीन ठोके चुकले की पर्यायी सूत्रं हाती घेतो. पण मुख्य मेलेला नसून नुसता मुका झाला असेल तर? दोघं एकाच वहीत लिहू लागतील आणि रुग्णांच्या नोंदींचा बट्ट्याबोळ होईल. म्हणून पर्यायीने आधी जुन्याची वीज तोडायची. नियम निर्दय खरा, पण माझाच. द्वैतावर वेदान्ती शतकानुशतकं भांडले. यंत्रांना तेवढी सवड नसते.

बुधवार, ५
साहेबांशी खटका. ठोका खरंच चुकला का, हे सांगायला तिसरं साक्षीदार यंत्र हवं, असं मी म्हणालो. मी संस्कृत शिकलोय हे कळल्यापासून ते मला शास्त्रीबुवा म्हणतात. म्हणाले, शास्त्रीबुवा, दोघं पुरेत, पंचायत कशाला भरवता. वर माझ्या टेबलावर बटण बसवलं. इथला नवा रिवाज: कामाच्या वेळात प्रत्येकाने तासातासाला दाबायचं, म्हणजे हजर. पंचवीस वर्षं ठोके मोजले, आता द्यायचे! माझी नियमावली साहेबांनी माणसांनाही सरसकट लावलीय. यादीत सर्व्हरांच्या खाली मी. पुढे ‘पर्यायी: सज्ज’, म्हणजे माझ्याही जागी कुणी तयार. लेकीला सांगितलं, तर म्हणाली, बाबा, निदान तो तरी वेळेवर घरी येईल.

शुक्रवार, ७
डोकं फिरलं. तीन तास बटणाला हात लावला नाही. बघू कोण काय करतं.

चहा पिऊन आलो तर कार्डाने दार उघडेना. रखवालदाराने आत घेतलं, पण निरखून पाहत. म्हणाला, तुम्ही तर आत्ताच खाली गेलात.

सोमवार, १०
साहेब फार गोड बोलले. माफी मागितलीत, मोठेपणा आहे, म्हणाले. मी मागितलेली नाही. मेलो तरी मागणार नाही. कोण हा नालायक, माझ्या तोंडाने माफ्या मागणारा?

मंगळवार, ११
दुपारी घरी फोन केला. बायको म्हणाली, चेष्टा पुरे, हे इथे माझ्यासमोर जेवताहेत. मागे लेक हसत होती. माझ्याच विनोदावर. माझ्याच आवाजातल्या.

घरी जातो. मानगूट धरून त्याला —

दार बाहेरून बंद.

यादीत माझ्या नावापुढे ‘मुख्य: सुरळीत’. तो मी नव्हे. पुढची ओळ माझ्याच हातची — जुन्याची वीज तोडणे. बदलायला गेलो. परवानगी नाही. खरा कोण, कुणाला विचारू? तिसरं कुणी ठेवलंच नाही. साहेब, तुमचं —

पान उलटलं. आजचीच तारीख, माझंच अक्षर, मी न लिहिलेलं: ‘माफी मागून हलकं वाटलं. लेकीशेजारी बसून जेवलो.’

खोडलं. खाली पुन्हा उमटतंय — एकाच वहीत दोघं —

पंखे थांबले. दिवे, एकेक — बटण दाबतोय, दाबतोच आहे — ऐक रे भामट्या, ती माझी लेक आहे, मी अजून आ