उभे राहण्याचा वेळ

२ नोव्हेंबर, रविवार

सिलिंडर गेला. प्रशिकने शेगडी माळ्यावर टाकली आणि पुण्याला परत गेला. मुलाचं चुकलं असं म्हणता येत नाही. उन्हाळ्यातल्या तापानंतर माझी वासाची जाण गेली, पाठोपाठ चवही. गेल्या आठवड्यात गॅसचं बटण अर्धवट राहिलं. शेजारच्या जिजाबाई धावत आल्या — 'अवं, नंदनवन कॉलनी उडवतं का आख्खी?' मी तिथेच बसून वाचत होते.

आता ओट्यावर मायक्रोवेव्ह आहे. जाताना प्रशिक म्हणाला, 'आई, यात सगळं होते. कोंबडीही होते.' कोंबडीचं त्याने मुद्दाम काढलं. रविवारची कोंबडी हे करायचे. मी बाजूला बसून पेपर वाचून दाखवायची. हे गेल्यापासून घरात कोंबडी शिजली नाही.

मेघाला सातवा लागला. पोरीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं. पण तिच्या सासूबाई, पारशिवनीच्या सिंधूताई, म्हणतात, 'राहू द्या पारशिवनीलेच. तुमच्याकडं धड चूल नाही.' मेघा स्वतः येण्याचा विषय टाळते. यांच्यानंतर ती या घरी एक रात्रही राहिलेली नाही.

मला ती इथे हवी आहे. एवढंच.

४ नोव्हेंबर

यंत्राची पुस्तिका वाचून काढली. मी अक्षरं शिकले ती किराण्याच्या पुड्यांवरून, त्यामुळे छापलेला कागद शेवटपर्यंत वाचल्याशिवाय सोडवत नाही. तुकडे सारखे करा. जाड तुकडे भांड्याच्या कडेला, बारीक मध्ये. झाकण ठेवा. अर्ध्यात थांबवून हलवा, कारण हे यंत्र एका बाजूला उकळी आणतं आणि दुसऱ्या बाजूला गार ठेवतं. बर्फातली कोंबडी यात वितळवली तर तशी ठेवू नका, लगेच शिजवा. आणि शेवटी — 'शिजल्यानंतर पाच मिनिटे उभे राहावे.'

आत किरणं असतील. ती निवळेपर्यंत माणसाने लांब उभं राहायचं. बरोबर आहे.

५ नोव्हेंबर

बटाटे उकडले. उभी राहिले.

९ नोव्हेंबर, रविवार

कोंबडी केली. मसाला यांच्या पद्धतीनेच वाटला — आधी खोबरं, मग धने, लवंग सगळ्यात शेवटी. हात आपोआप चालले. बरोबर जमला की नाही, कोण सांगणार? माझ्या जिभेला नुसता तिखटपणा चावतो.

यंत्र थांबलं. दार न उघडता समोरच्या खोलीत जाऊन उभी राहिले. नुसतं उभं राहून करायचं काय? बुद्धमूर्तीशेजारी यांचा फोटो आहे. त्याच्यासमोर राहिले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी यांना श्रद्धांजली वाहताना सगळे असेच उभे होते. तेव्हा दोन मिनिटंही संपत नव्हती. आज पाच कमी पडली.

तुकडा मोडून पाहिला. हाडापर्यंत शिजलेला. जिजाबाईंना वाटीभर दिली. संध्याकाळी वाटी परत आली, सोबत निरोप — 'मिरची जरा कमी टाकत जा वं.'

१५ नोव्हेंबर

प्रशिकचा व्हिडिओ कॉल. उभं राहण्याचं सांगितलं तर पोटभर हसला. 'आई, दारातून काही बाहेर येत नाही. मशीन थांबली का उघडायचं. तू काहून उभी राहून राहिली?' जिजाबाई मागेच होत्या. 'मले वाटलं, देवरावभाऊंची आठवण येते म्हणून फोटोसमोर उभी राहते.' मीही हसले.

इंजिनिअर आहे तो. उद्यापासून उभं राहायचं नाही. उद्या मेघा येते आहे, जेवायला.

१६ नोव्हेंबर, रविवार

मेघा आणि जावई, स्वानंद, दुपारी आले. यंत्र थांबलं, लगेच दार उघडलं, गरम गरम वाढलं. मेघाने एक घास घेतला आणि ताट सारलं. मान खाली. मी वाकून पाहिलं — तिच्या ताटातला दुसरा तुकडा हाडाजवळ गुलाबी. रस लालसर.

स्वानंद म्हणाला, 'मम्मी, डॉक्टरीणबाईंनं कच्चं मटण-चिकन सक्त मना केलं आहे हिले.' रागाने नाही म्हणाला. मी सगळ्यांची ताटं उचलली. मेघा हात धुवायला गेली ती बराच वेळ परत आलीच नाही.

गाडी काढताना तो म्हणाला, 'पारशिवनीलेच राहू द्या आता.' मी हो म्हटलं. कोणत्या तोंडाने नाही म्हणणार?

१८ नोव्हेंबर

मेघाला ताप नाही. पोट ठीक. सकाळी विचारलं, संध्याकाळी परत विचारलं.

२० नोव्हेंबर

तीच कोंबडी, तेवढीच, तीच भांडी. मग कच्ची का राहिली?

पुस्तिका पुन्हा काढली. मागच्या पानावर तक्ता आहे, मी तो वरवर चाळला होता. एका रकान्याचं नाव 'उभे राहण्याचा वेळ'. बटाट्यासमोर तीन मिनिटे. कोंबडीसमोर पाच. माशासमोर दोन. माणसाला बटाट्यासाठी कमी आणि कोंबडीसाठी जास्त उभं कशाला करतील?

उभं मी राहायचं नव्हतं. कोंबडीने राहायचं होतं. झाकण न काढता तसंच ठेवायचं, म्हणजे बाहेरची आच हाडापर्यंत पोहोचते. यांची नोकरी मौद्याच्या वीज केंद्रात, बॉयलरवर. म्हणायचे, बॉयलर बंद केला म्हणजे थंड झाला असं समजणारा माणूस हात भाजून घेतो. मी ऐकलं होतं, पण बॉयलरपुरतंच.

प्रशिकला फोन केला. 'स्टँडिंग टाइम आहे ते आई, इंग्रजीचं शब्दाला शब्द मराठी केलं त्यांनी.' मग म्हणाला, 'थर्मामीटर पाठवतो.'

२३ नोव्हेंबर, रविवार

थर्मामीटर काल आला. टोकदार सळई आहे, वर आकडे. आज जिजाबाई बघायला बसल्या. 'कोंबडीले ताप पाहून राहिली का वं? क्रोसिन आणू का?'

पाच मिनिटं झाकून ठेवली. मग जाड तुकड्यात सळई खुपसली, हाडाला लागू न देता. चौऱ्याहत्तर अंश हवेत. त्र्याहत्तर भरले. पुन्हा यंत्र लावलं, पुन्हा झाकून ठेवली. मग तीन-चार ठिकाणी पाहिलं, सगळीकडे वरच. रंगावर जायचं नाही. नाकावर तर मला जाताच येत नाही.

मेघाला फोनवर सगळं सांगितलं, आकड्यासकट. ती ऐकत होती. शेवटी 'बरं' म्हणाली.

३० नोव्हेंबर, रविवार

मेघा आली. न सांगता. मोठी बॅग घेऊन.

यंत्र थांबलं. मी सवयीने फोटोसमोर जाऊन उभी राहिले. तीही पोट सावरत बाजूला येऊन उभी राहिली. म्हणाली, 'आई, त्या दिवशी मले गुलाबी-बिलाबी काही दिसलं नव्हतं. पहिल्याच घासाले बाबाच्या हातची चव लागली. पुढं गिळवेना.'

म्हणजे मसाला जमला होता. मला कसं कळणार होतं.