बादलीत गेलेली गाठ

मी, शिवणकाम करणारी, वय अठ्ठावन्न, अविवाहित, पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता माझी शेवटची इच्छा लिहिते. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला द्यायला कोपऱ्यावरचा डॉक्टर तयार होता. त्याच्या हातचा कागदसुद्धा मला नको, किळस येते. दाखला मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंचा जोडला आहे.

कारण लिहून ठेवते. मांडीवर गाठ आली तेव्हा कोपऱ्यावरचा म्हणाला, चरबी आहे. मीही शहाणी! स्वतःच्या सलवारीची शिवण तीनदा उसवून सैल केली आणि कामाला लागले. गिऱ्हाइकाच्या कपड्यात दोऱ्याचाही फरक मला खपत नाही, आणि इथे मांडी वाढत होती तर मी कापड वाढवत बसले. मग त्याने दवाखान्यातच गाठ कापली आणि बादलीत टाकली. तपासायला पाठवायची का विचारलं, तर हसला मेला. वर्षभरात ती परत आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा दुर्मिळ कर्करोग. आधी सुईने तुकडा काढून तपासायचा, मगच कापायचं. अर्धवट कापल्याने तो आजूबाजूला पसरला. इतक्या थोड्यांना होतो की औषधंही मोजकीच. शिकाऊ डॉक्टर रांगेने येऊन माझी मांडी बघून गेले. एकाने फोटो काढला, नाव मात्र कुणी विचारलं नाही. शिसारी आली.

आता वाटणी. शिलाई मशीन आणि दोन्ही कात्र्या काज-बटणं करणाऱ्या बाईला. कात्रीने कागद कापू नये.

वहिनीला माझी कपबशी, जी ती चिमटीत धरून वेगळी ठेवते. कर्करोग कपातून लागत नाही, हे सांगून माझं तोंड दुखलं.

दुकान आणि वरची खोली धाकट्या भावाला, पण एका अटीवर. सदऱ्याचं माप घेताना त्याच्या पाठीवर गाठ हाताला लागली. चार महिन्यांत ती अर्ध्या इंचाने वाढली. कोपऱ्यावरच्याने चरबीच सांगितली आणि शुक्रवारी कापायची वेळ दिली. भाऊ मला म्हणतो, "ताई, ते दुर्मिळ असतं ना? मग एकाच घरात दोघांना कसं होईल?" अट अशी: मोठ्या रुग्णालयात सुईची तपासणी झाल्याशिवाय त्या गाठीला कुणी सुरी लावायची नाही.

पण हा कागद उघडणार मी गेल्यावर, आणि शुक्रवार त्याआधी येणार. म्हणून भावाला समोर बसवून आत्ताच वाचून दाखवला. मी म्हटलं, "शुक्रवारी तिथे गेलास तर मी तुझ्याशी बोलणार नाही. माझे दिवस किती उरलेत, तुला माहीत आहे."

तो वारस, म्हणून साक्षीदाराच्या जागी त्याची सही चालत नाही. ती मी मोठ्या रुग्णालयाच्या तपासणीच्या अर्जावर घेतली. तपासणी बुधवारी आहे. मला चालवत नाही, तरी सोबत मीच जाणार.

लिहून देणार: सही (वाकडी आली, पण माझीच आहे)
साक्षीदार: १. शेजारचा इस्त्रीवाला २. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त बाई
स्थळ: दुकानाची मागची खोली
दिनांक: नऊ, सोमवार