तुमच्या मोटरसायकलची सीट आणि माझे पाय

ती. मामांना, तुमच्या सगळ्या भाचरांतल्या सर्वांत आखूड भाच्याचा वाकून नमस्कार. (मला फारसं वाकावं लागत नाही, हे तुम्हीच म्हणता.) मी बरा आहे. तुमची कंबर आता कशी आहे, मामींचा खोकला उतरला का आणि दादाची नवी नोकरी टिकली का, ते कळवावं. हे पत्र मी उभ्याने, खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून लिहितो आहे, त्यामुळे ओळी चढावर निघाल्यासारख्या दिसतील. बसून का लिहीत नाही ते पुढे येईलच.

तुमची मोटरसायकल व्यवस्थित आहे, हे आधी सांगून टाकतो. व्यवस्थित म्हणजे इंजिन, चाकं, दिवे, हॉर्न आणि टाकी. सीटबद्दल जरा सविस्तर लिहायचं आहे, म्हणून मोठा कागद घेतला.

मी ज्या कारखान्यात लागलो आहे तिथे चष्म्याच्या काचा घासून नंबरात आणतात. तयार काचा पेटीत भरून शहरातल्या चष्म्याच्या दुकानांत पोचवायच्या, हे माझं काम. आजवर मी चार नोकऱ्या सोडल्या (आई पाच सांगते, पण त्या एका ठिकाणी मी फक्त अर्धा दिवस होतो, ती नोकरी धरायची का, हा वादाचा मुद्दा आहे), आणि चारही एकाच कारणाने सोडल्या, की एका जागी बसावं लागायचं. शाळाही मी त्याच कारणाने सोडली, गुरुजी काहीही म्हणोत. या कामात बसायचं ते धावत्या गाडीवर, म्हणून सात महिने टिकलो. तुम्ही गाडी दिलीत म्हणून हे काम मिळालं, हे मी विसरलेलो नाही. पण तुम्ही ती तुमच्या पायांना बेतून घेतली होती, आणि तुमचे पाय म्हणजे तुमचे पाय. मी वडिलांच्या घराण्यावर गेलो, याला कोणी काही करू शकत नाही.

चालत्या गाडीवर मी कोणाला ऐकणारा नाही. भानगड थांबल्यावर सुरू होते. पहिली पेटी सिग्नलला गेली. दिवा लाल झाला, मी सवयीने डावा पाय खाली सोडला, आणि तिथे रस्ता नव्हता. म्हणजे होता, पण चार बोटं खाली. गाडी आधी विचारात पडल्यासारखी थांबली, मग म्हैस टेकते तशी सावकाश डाव्या कुशीवर टेकली. मीही बरोबर टेकलो. शेजारच्या रिक्षावाल्याने मला काही लागलं का असं न विचारता, रोज इथेच आडवा होतोस का, असं विचारलं. दुसरी पेटी तर दुकानाच्या दारातच गेली, गिऱ्हाईक काचेतून बघत असताना, आणि त्याचीच काच त्या पेटीत होती. त्या दिवशी मालकीणबाईंनी मला आत बोलावलं. बाई कधी आवाज चढवत नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटते. त्या म्हणाल्या, "तिसरी पेटी फुटली की गाडीचं काम बंद. मग आत मास्तरांशेजारी यंत्रावर बसायचं."

मास्तर कोण ते सांगतो. मास्तर बावीस वर्षं काच घासायच्या यंत्रावर बसलेले आहेत. समोर भिंत, वरून थेंब थेंब पाणी, खाली गोल स्टूल. त्या स्टुलाला मध्यभागी मास्तरांच्या आकाराचा खड्डा आहे. शेजारी एक रिकामं स्टूल आहे, आणि त्याला अजून खड्डा नाही. बाई बोलत होत्या तेव्हा मास्तरांनी रुमालाने ते रिकामं स्टूल पुसून ठेवलं. माणूस अगदी सज्जन आहे, म्हणूनच मी दाराकडे सरकलो.

मग मी सल्ले घ्यायला सुरुवात केली. आमच्या खोलीतला एकजण, ज्याला आम्ही खांब म्हणतो, म्हणाला की जाड तळव्याचे बूट घाल. घातले. त्याने पाय जमिनीपर्यंत पोचले, पण गिअर कुठे आहे ते पायाला कळेना आणि तीन चौक मी दुसऱ्याच गिअरमध्ये ओरडत पार केले. (गाडी ओरडत होती. मी गप्प होतो.) मग गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेलो. तिथल्या विक्रेत्याने मला खालून वर पाहिलं, त्याला फार वेळ लागला नाही, आणि बुटक्यांसाठी खास बनवलेली सीट काढून दिली. म्हणाला, दोन इंच खाली, आराम सोफ्याचा. ते दोन्ही खरं होतं. पण सोफा जसा रुंद असतो तशीच ती पुढून रुंद होती, त्यामुळे मांड्या बाजूला फाकल्या आणि पाय खाली जायच्या ऐवजी दोन्हीकडे आडवे निघाले. उंची दोन इंच उतरली आणि पाय तीन इंच वर गेले. ज्ञान मात्र मिळालं, की बुटक्या माणसाने सीट किती उंच आहे हे विचारू नये, ती पुढे किती अरुंद आहे हे विचारावं. मी ती परत केली. विक्रेता म्हणाला, सीटमध्ये दोष नाही. मी म्हटलं, तसं मी म्हणतच नाही.

शेवटी जिन्याखाली बसणाऱ्या सीटवाल्या काकांकडे गेलो. ते असलेल्याच सीटचं कव्हर उचकटतात, आतला फोम पात्याने कापतात, पुढचं नाक निमुळतं करतात आणि कव्हर परत ताणून बसवतात. (असलेली सीट म्हणजे तुमची. हे वाक्य मी मुद्दाम कंसात लिहिलं आहे.) त्यांची एक पद्धत आहे, ते माणसाला गाडीवर बसवून बघत नाहीत. म्हणतात, बसलेला माणूस खोटं बोलतो, अंग चोरतो, टाच उचलतो. त्यांना कागदावर एकच आकडा हवा असतो, जांघेपासून टाचेपर्यंत पाय किती. मी स्वतःचं माप स्वतः घेतलं ते तीन वेळा तीन वेगळं आलं, म्हणून आमच्या खोलीखालच्या शिंप्याकडे गेलो. शिंप्याने माप घेतलं, आकडा लिहून दिला, काकांनी त्या आकड्यावर फोम कापला, कव्हर चढवलं, मी मांड टाकली, आणि पाय पुन्हा अधांतरी. दीड इंच.

काकांचा अपमान झाला. पंचवीस वर्षांत त्यांचा हिशेब चुकला नव्हता. ते हातात पातं तसंच धरून माझ्यासोबत शिंप्याकडे आले, त्यामुळे गल्लीने आम्हाला आदराने वाट दिली. शिंप्याने वही काढून आकडा दाखवला आणि शांतपणे सांगितलं की माप बरोबर आहे, त्यात दीड इंच नेहमीप्रमाणे वाढवून लिहिला आहे, कापड पहिल्या धुण्यात आटतं म्हणून.

"सीट कुठे आटते?" काका म्हणाले.

"मला सीटचं बोलला का कोणी? मला पायाचं माप मागितलं."

"मग पाय आटतो का?"

शिंप्याने माझ्या पायांकडे पाहिलं. मी धुतल्याने आटलेलो असावा, असा संशय त्याच्या चेहऱ्यावर दिसला. "माझ्या हातची एकही विजार आजवर आखूड झालेली नाही," तो म्हणाला, आणि पुन्हा मशीनवर बसला. त्याचंही खोटं नव्हतं. एकूण या प्रकरणात खोटं असं कोणीच बोललं नाही, फक्त मी मध्ये उभा होतो.

काकांनी रागाने दीड इंच आणखी काढला. राग असल्यामुळे दोन निघाले. आता माझ्या दोन्ही टाचा जमिनीला पुऱ्या टेकतात, सिग्नलला मी खुर्चीत बसल्यासारखा थांबतो आणि रिक्षावाल्यांशी बरोबरीने बोलतो. मात्र फोम आता नावाला उरला आहे, खालच्या पत्र्यावर किती खिळे आहेत ते मी न बघता सांगू शकतो (सहा), आणि संध्याकाळी कारखान्यातून आलो की जेवण, गप्पा आणि पत्रं, सगळं उभ्यानेच होतं. बाकी सर्व क्षेम. मामींना नमस्कार. आईला हे पत्र वाचून दाखवायचं असेल तर सिग्नलचा भाग गाळावा.

तुमचा,
भाचा

ता. क. पाकीट पुन्हा उघडून लिहितो आहे. पेटी पोचवायला जाताना वाटेत पत्र टाकावं म्हणून निघालो, तर कारखान्याच्या फाटकातच पडलो. दोन्ही टाचा जमिनीवर पुऱ्या टेकलेल्या असताना पडलो, म्हणजे उंचीचा प्रश्न सुटला होता, हे लक्षात घ्यावं. तिसरी पेटी मागे बांधलेली होती. बाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी पेटी आत नेली आणि एकेक काच उजेडाला धरून पाहिली. मास्तरांनी यंत्र थांबवलं. चोवीसच्या चोवीस काचा साबूत निघाल्या, कारण तुमच्या सीटमधून निघालेला फोम टाकवेना, म्हणून मी पेटीला आतून लावला होता. बाई म्हणाल्या, "हा फोम आधीच घातला असतास तर?" मी पेटी पुन्हा गाडीला बांधली. गाडीचं काम टिकलं. पडलास तरी चालेल, काचा पडता कामा नयेत, असं ठरलं आहे.

ता. क. दुसरा. तुमच्या मागच्या पत्रात महिनाअखेर दादा गाडी न्यायला येणार असं होतं. मी त्यावर काहीच लिहिलं नाही असं वाटायला नको. दादाची उंची तुमच्यावर गेली आहे. या सीटवर तो बसला तर गुडघे हँडलच्या वर येतील आणि वळताना त्याला स्वतःचेच गुडघे आडवे येतील. तुम्ही बसायचा तर प्रश्नच नाही, तुमच्या कमरेला ते सहा खिळे सोसायचे नाहीत. नीट विचार केला तर आता ही गाडी घराण्यात फक्त मलाच बसते. म्हणून सोबत गाडी नावावर करून द्यायचा फॉर्म पाठवतो आहे. सही करायची तिथे पेन्सिलीने फुली मारली आहे. गाडी नसली की बाई मला त्या स्टुलावरच बसवतील, आणि तिथे खड्डा पडायला मला बावीस वर्षं लागणार नाहीत. फॉर्मात नव्या मालकाचं नाव, वय, पत्ता, सगळं विचारलं आहे. उंची कुठेच विचारलेली नाही. मी तीनदा वाचून पाहिलं.